वेल्डरच्या गळ्यातला मफलर

मी एक जुना, विटलेला मफलर आहे, मित्रांनो. माझा मूळ रंग विचारू नका, तो मलाही आठवत नाही. पण मी अस्सल लोकरीचा आहे आणि त्याचा मला थोडा ताठा आहे.

मेंढीच्या अंगावर होतो तेव्हा मी म्हणजे नुसते आखूड, नागमोडी तंतू. कुणीही फुंकर मारून उडवावे! मग मला विंचरून, ओढून पीळ दिला, तेव्हा कुठे धागा झालो. असे दोन धागे एकमेकांवर उलट्या दिशेने पिळले, म्हणजे ते सहज सुटत नाहीत. त्या दुपदरी धाग्यातून वेल्डरच्या बहिणीने, म्हणजे त्यांच्या लेकीच्या आत्याने, भावासाठी मला विणले.

वर्कशॉपमध्ये ठिणग्या उडत. एखादी माझ्यावर पडली की मी जरासा करपे, ठिणगी विझून जाई. "हा आहे म्हणून मान शाबूत आहे," असे वेल्डर सगळ्यांना सांगत. मी फुशारून जाई.

पुढे झिजलो, कसरीने भोके पाडली. वेल्डरच्या लेकीने निळाशार, मऊमऊ मफलर आणला. "बाबा, आता ते लक्तर टाका बघू!" झाले, माझी रवानगी फडक्यांच्या डब्यात! फार वाईट वाटले.

सकाळी वेल्डर नवा मफलर गुंडाळून कामाला निघाले, तोच आत्या आली.

"थांब रे, आधी धागा बघू दे."

तिने मला डब्यातून काढले आणि आम्हा दोघांचा एकेक धागा चिमट्यात धरून काडी लावली. माझ्या धाग्याला केस जळल्याचा वास आला, तो आपोआप विझला आणि राखेचा बोटांत भुगा झाला. निळा धागा मात्र आक्रसला, वितळला आणि त्याच्या टोकाला टणक मणी झाला.

"हा कृत्रिम धागा. फिरायला जाताना झकास," आत्या म्हणाली, "पण ठिणगी पडली तर वितळून मानेला चिकटेल."

लेकीचा चेहरा पडला. "म्हणजे मी बाबांना भाजायचीच सोय केली होती!"

"वेडाबाई, तुला काय माहीत? घे सुई."

लेकीने लोकरीनेच माझी भोके रफू केली. टाके वेडेवाकडे, पण घट्ट. वेल्डर निळा मफलर घालून वर्कशॉपपर्यंत गेले. तिथे त्याची घडी पिशवीत ठेवली आणि मला गळ्यात घेतले.

दुपारी एक टपोरी ठिणगी नेमकी त्या रफूवर बसली. माझा जीव टांगणीला लागला. ठिणगी तिथेच विझली.

"तुझा टाका टिकला गं, पोरी," वेल्डर घरी येऊन म्हणाले. लेकीने त्यांच्या मानेवरून हात फिरवून पाहिला.

मित्रांनो, कपड्याचा रंग जरूर बघा, पण त्याचा धागा कशाचा आहे हेही विचारा. तो कुणाच्या तरी अंगाला लागणार असतो.