माझा कच्चा कोपरा

मित्रांनो, काच धुरकटलेली आणि मूठ ढिली झालेली पाहून घाबरू नका. शाळेच्या अन्नतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे तापत असलेला मी ओव्हन आहे.

कारखान्यात पत्रा वाकवून, पोटात वेटोळ्या तारा बसवून मला घडवले. शाळेत आलो तेव्हा मुले माझ्याभोवती अशी जमली, की बाईंना त्यांना हाकलावे लागले. पीठ का फुगते, साखर तपकिरी का होते, हे मुले माझ्या काचेला नाक लावून शिकली. पाव भाजला की वास थेट गणिताच्या वर्गात जाई आणि तिथल्या सरांचेही लक्ष उडे.

पुढे माझे काहीतरी बिनसले. एकाच ट्रेमधले पाव एकीकडे करपू लागले, दुसरीकडे कच्चे राहू लागले. "याचं वय झालं," म्हणत मुले मला टाळू लागली. शेवटी मुख्याध्यापिका म्हणाल्या, "परीक्षा झाली की भंगारात द्या. नव्याचं पुढच्या वर्षी बघू." मी मुकाट ऐकले. आम्हा ओव्हनांचे तोंड मोठे, पण बोलायची सोय नाही.

त्या वर्गात एक मुलगी होती. प्रश्न विचारून ती सगळ्यांना भंडावून सोडी, म्हणून तिचे नावच 'चौकशी खिडकी' पडले होते. सराव परीक्षेत तिचा पाव अर्धा काळा, अर्धा पांढरा निघाला.

"जाऊ दे गं, तुझं नशीबच खोटं," मैत्रीण म्हणाली.

"नशीब नेमकं उजव्याच कोपऱ्यात कसं येऊन बसतं?" तिने विचारले.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या जाळीवर ब्रेडचे तुकडे शेजारी शेजारी मांडले आणि दार लावले. बाई कडाडल्या, "अगं, काय खेळ मांडलायस हा? खायच्या वस्तूची नासाडी!"

"जरा थांबा ना, बाई. हा कुठे किती तापतो ते बघतेय."

जाळी बाहेर आली आणि बाई स्वतःच पुढे वाकून पाहू लागल्या. डावीकडे कोळसा, मध्ये सोनेरी, आणि दाराजवळचा उजवा कोपरा होता तसाच पांढरा! माझ्या पोटातला हा नकाशा मीही पहिल्यांदाच पाहिला.

मी निवल्यावर तिने तो कोपरा चाचपला. दाराची रबरी पट्टी तिथे फाटली होती.

"बाई, इथून गरम हवा निसटते. ती भरून काढायला तारा तापतच राहतात, म्हणून डावीकडचं करपतं!"

बाईंनी पट्टी बदलून घेतली. तरी माझी डावी बाजू थोडी तापटच राहिली. म्हातारपणचा स्वभाव, तो काय रबराने जातो? मग अर्ध्या वेळाने ट्रे फिरवायचा, ही युक्तीही तिनेच काढली.

परीक्षेत परीक्षकांनी विचारले, "ट्रे मध्येच का फिरवलास?" तिने कारण सांगितले, तसे ते खाली बसून माझी पट्टी न्याहाळू लागले. पाव सगळीकडून सारखा भाजला होता. चवीपुरता एक तुकडा त्यांनी घेतला, मग आणखी एक. ते पाहून तिथे आलेल्या मुख्याध्यापिका आमच्या बाईंना म्हणाल्या, "राहू द्या त्याला इथेच."

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. दार आपटू नका. सांडलेली साखर वेळीच पुसा. एखादी वस्तू नीट चालेनाशी झाली, तर टाकून देण्याआधी तिचे दुखणे शोधा. फक्त माझे शोधताना मी निवलो आहे ना, तेवढे आधी पाहून घ्या!