मिलच्या फळीवरची जिवती

“हळू रे, हळू ठेवा तिला. तिच्यावर कोरा कागद बसणार आहे. कोऱ्याला ओरखडा चालत नाही.”

हा आवाज बाबुरावांचा. मित्रांनो, तो ऐकून किती उन्हाळे गेले, पण अजूनही कुणी मला उचललं की आधी तोच आवाज कानाशी येतो. लाकडाला कान नसतात असं तुम्ही म्हणाल. नसू देत. पण जे लाकूड जन्मभर दुसऱ्याचं ओझं वाहतं, त्याला माणसाच्या हाताचा अन् आवाजाचा स्वभाव कळतो.

मी एक जुनी फळी. खरं म्हणजे आम्ही चार-पाच फळ्या, पण एकत्र जोडल्यापासून एकाच तोंडानं बोलतो. आमचा जन्म कागदाच्या मिलमधला. मालाखाली ठेवायची लाकडी बैठक असते ना, जिला मिलमधले लोक पॅलेट म्हणतात, ती मी. कुणी आंब्याची, कुणी चिडाची, जे लाकूड हाताला आलं ते घेतलं, खिळे ठोकले आणि झाली पॅलेट. रंग नाही, रंधा नाही. आमच्या अंगावर कागदाचे गठ्ठे चढायचे. लोखंडी दातांची गाडी यायची, आमच्या पोटाखाली दात घालायची आणि उचलून न्यायची. त्या दातांचा एक खोल चरा माझ्या कडेला अजून आहे.

बाबुराव तिथं माल चढवण्याच्या कामावर. पोटासाठी महाराष्ट्रातून इकडे निमाडात आले आणि मिलच्या वसाहतीतच त्यांचं आयुष्य गेलं. ते कागदाला जपायचे, आणि कागदाबरोबर मलाही जपलं जायचं. पण एका पावसाळ्यात माझी एक फळी तडकली. तडकलेल्या पॅलेटवर माल चढवत नाहीत. मला मागच्या आवारात कडुनिंबाखाली टाकलं. तिथं वाळवी होती, ऊन होतं, आणि माझ्यासारख्या कितीतरी जणी एकीवर एक पडलेल्या होत्या. जिच्यावर काही ठेवत नाहीत, तिला कुणी हळू ठेवत नाही, हे मला तिथं कळलं.

बाबुराव निवृत्त झाले तेव्हा त्यांनी साहेबांकडे आम्हालाच मागितलं.

“भंगाराचं काय करता, बाबुराव? चुलीला घालता की काय?”

“पोरीला पाहिजे, साहेब. ती चित्रं काढते यावर.”

“यावर?” साहेब हसले. “न्या मग. ट्रॉली भरून न्या.”

अशी मी बहादरपूर गावात आले. बाबुरावांची लेक वर्षा इथं केळीवाल्यांच्या घरात दिलेली. घराच्या मागच्या पडवीत एका बाजूला केळीचे क्रेट, दुसऱ्या बाजूला तिचा पसारा. जुन्या लाकडावर रंगवलेली, भिंतीला टांगायची चित्रं तिनं मोबाईलवर पाहिली आणि आपल्या हातानं करून बघितली. एका चित्रात मोर, एकात केळीचा घड, एकात तापीवरची नाव. बुधवारा बाजारातल्या एका दुकानदारानं ती टांगून ठेवली, आणि लोक विचारू लागले.

ती काम कसं करते ते सांगते. आधी जंबुरानं एकेक खिळा काढते, घाई न करता, नाहीतर लाकूड फाटतं. मग रेजमाल, तो खरखरीत कागद, घेऊन घासत बसते. पण सगळं घासत नाही. खिळ्यांची भोकं ठेवते, करवतीच्या रेघा ठेवते, मिलच्या काळ्या शिक्क्याची अर्धी अक्षरंही ठेवते. मग रंगाचा पातळ हात देते आणि ओला असतानाच फडक्यानं अर्धा पुसून टाकते, म्हणजे रंगाखालून लाकूड डोकावतं.

तिची सासू मथुराबाई हे दारातून बघायची.

“लावते अन् पुसते,” ती म्हणायची. “पुसायचाच होता तर लावला कशाला वं?”

“आई, लाकूड दिसायला पाहिजे ना.”

“लाकूड तर पहिल्यापासूनच दिसत होतं.”

वर्षाचा नवरा जितेंद्र जेवता जेवता हसायचा. “लोक घरातलं भंगार बाहेर काढतात. आमच्याकडे उलटी गंगा. मिलचं भंगार भिंतीला.”

“तुम्हालाही भिंतीलाच टांगीन एक दिवस,” वर्षा म्हणायची, “फक्त आधी घासावं लागेल.”

असं ते घर. मथुराबाई बोलायला तिखट, पण वर्षा पडवीत काम करत बसली की चहाचा कप न मागता तिच्याजवळ आणून ठेवायची.

आखाड अमावास्या जवळ आली. या घरात त्या दिवशी जिवती पूजतात. लेकरांना सांभाळणारी देवी ती. निमाडातले शेजारी तिला जिरोती म्हणतात. पूर्वी मथुराबाई गेरूनं ती भिंतीवर काढायची. मग घराला नवा गिलावा झाला, गुळगुळीत पुट्टी आली, त्यावर गेरू काही धरेना. तोवर मथुराबाईचा हातही कापायला लागला होता. तेव्हापासून बाजारचा छापील कागद चिकटवायचा आणि हात जोडायचे, एवढंच उरलं होतं.

“आई, यंदा मी काढते जिवती,” वर्षा म्हणाली. “फळीवर. दरवर्षी तीच टांगायची. कशी काढायची तेवढं सांगा.”

मथुराबाई पाटावर टेकली. मग जुन्या चालीवर हळूच म्हणाली,

“जिवती बसली, बाई, गेरूच्या घरात,
जेवढी माझी लेकरं, तेवढी तिच्या पदरात.”

“बस, एवढंच. जेवढी घरची लेकरं तेवढी काढायची. कमी नाही, जास्त नाही.”

वर्षानं त्यासाठी मला निवडलं. मित्रांनो, मोर झाले असते, नाव झाले असते, आणि कुठल्या तरी अनोळखी दिवाणखान्यात गेले असते. पण मी देवी झाले. गेरूचा तांबडा, हळदीचा पिवळा, केळीच्या पानाचा हिरवा. वर्षा माझ्यावर वाकून कुंचला चालवायची तेव्हा श्वास रोखून धरायची, आणि तो सुटला की माझ्या अंगावर ऊब यायची. मधोमध जिवती. तिच्या एका बाजूला जितेंद्र, दुसऱ्या बाजूला धाकटा दीर विपुल, मांडीवर शेंडेफळ नणंद तृप्ती. तीन लेकरं. वरून वॉर्निशचा हात. मग मला ओढणीनं झाकून ठेवलं.

“पूजेच्या दिवशीच बघायचं, आई.”

“बरं बाई. बघू तुझी देवी.”

आता मला अलकाबद्दल सांगायला हवं.

अलका ही मथुराबाईच्या धाकट्या बहिणीची, शांताची मुलगी, असं वर्षाला लग्नात सांगितलेलं. शांता नदीपल्याड जैनाबादला राहायची. अलकाचं सासर बुधवाऱ्यात, तिथंच नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान. हा सण ती दरवर्षी जैनाबादला शांताच्या भिंतीपुढे करायची. पण माघात शांता गेली. जैनाबादच्या घराला कुलूप लागलं. म्हणून यंदा अमावास्येला अलका पहिल्यांदाच इथं आली, हातात नारळ आणि मथुराबाईसाठी हिरव्या बांगड्या घेऊन.

ओढणी निघाली. सगळ्यात आधी मला दिसली ती अलका. तिची नजर देवीकडे गेली नाही. ती लेकरांवरून फिरली. एकदा फिरली, परत फिरली, आणि मांडीवरच्या बाळापाशी थांबली.

“छान काढलंय, वहिनी,” ती म्हणाली. “तिघंच ना. बरोबर आहे. घरात तिघंच आहेत.”

आवाजात हसू होतं. वर्षाला ते खरंच वाटलं. मथुराबाईनं मला हळदकुंकू वाहिलं तेव्हा तिचं बोट एवढं कापत होतं की कुंकू देवीच्या कपाळाऐवजी गालावर लागलं. अलका जेवायला थांबली नाही. दुकानात गिऱ्हाईक असेल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मथुराबाईनं मला खाली उतरवलं आणि पडवीत क्रेटमागं तोंड भिंतीकडे करून उभं केलं.

त्यानंतरचे दिवस फार लांबले. अलका आली नाही. फोन केला तरी दोन शब्द बोलून ठेवायची. मथुराबाई जेवण अर्धं टाकायची. वर्षाला वाटलं, आपलं भंगार देवीच्या जागी नेलं, त्याचा आईंना राग आला. तिचं रेजमाल तसंच पडून राहिलं. बुधवाऱ्याचा दुकानदार विचारायचा, ती म्हणायची, आता मन लागत नाही.

मित्रांनो, भिंतीकडे तोंड करून उभं असताना मला एकच वाटत होतं. जुनी वस्तू टाकायच्या आधी तिला एकदा उलटून बघावं. आणि घरातलं माणूस गप्प झालं, तर त्याच्याजवळ जाऊन बसावं. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे.

शेवटी एका दुपारी वर्षानं जितेंद्रला पडवीत गाठलं.

“आईंना फळी आवडली नाही, तर तोंडावर सांगायचं होतं. असं उलटं उभं करायचं का?”

जितेंद्र क्रेट रचत होता. तो थांबला. “फळीचं नाही ते. तू तीनच काढलीस.”

“मग? तुम्ही, विपुलभाऊ, तृप्तीताई.”

“आणि अलका.”

जितेंद्रनं हातातला क्रेट खाली ठेवला.

“ती आईचीच. माझ्या पाठची. शांतामावशीचं मूल गेलं होतं, तेव्हा तिला दिली. सगळ्या गावाला माहीत आहे. तिलाही माहीत आहे. पण घरात कुणी बोलत नाही, म्हणून तुला कुणी सांगितलं नाही. आई भिंतीवर चौथं मूल काढायची, जरा बाजूला, पदराचं टोक धरलेलं. तेही आम्ही कुणी विचारलं नाही.”

“आणि मी तिच्यासमोर तीन काढून ठेवली.” वर्षा खालीच बसली. “अहो, जैनाबादचं घर बंद झालंय तिचं. ती इथं माहेर बघायला आली होती.”

जितेंद्रनं मला क्रेटमागून काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

वॉर्निशवर रंग धरत नाही. वर्षानं देवीच्या उजव्या अंगाला, पदराजवळ, हाताएवढी जागा रेजमालनं घासून काढली. मित्रांनो, घासताना दुखतं, खोटं कशाला सांगू. पण खालचं उघडं लाकूड वाऱ्याला लागलं तेव्हा मला बरं वाटलं. मग तिनं अलकाला फोन लावला.

“ताई, माझ्याकडून चित्रात चूक झाली. दुरुस्त करायची आहे. आईंनाच काढू द्यायचंय, पण त्यांचा हात कापतो. कुणीतरी मनगट धरायला हवं. तुम्ही या.”



अलका सकाळी आली. ओसरीवर ऊन होतं. वर्षानं मला पाटावर ठेवलं, वाटीत गेरू कालवला, आणि चहाचं निमित्त करून आत गेली. मथुराबाईनं कुंचला उचलला. तो थरथरू लागला. अलकानं तिचं मनगट धरलं. हात हळूहळू शांत झाला.

आधी डोकं उमटलं. मग झबलं. मग दोन पाय. मग एक इवली मूठ, आणि मुठीत पदराचं टोक. रेघ कुठं जाड होती, कुठं बारीक. वर्षाच्या हातासारखी सफाई तिला नव्हती. पण मिलमध्ये लाखो कोरे कागद वाहिले मी, एकावरही अशी रेघ उतरली नसेल.

“मोठी माय,” अलका म्हणाली, “हे कोण?”

“तूच.”

“मग मला बाजूला का काढलंस? तृप्ती मांडीवर. ती माझ्यानंतरची. तीही मुलगीच, तरी तिला ठेवलंस. मी काय केलं होतं?” तिचा आवाज चढला नव्हता. बांगड्या विकताना बोलते तशीच ती बोलत होती. “जैनाबादची माय होती तोवर मी विचारलं नाही. तिला वाईट वाटलं असतं.”

“मीही तिच्यासाठीच बोलले नाही,” मथुराबाई म्हणाली.

तिनं कुंचला खाली ठेवला. अलकानं मनगट सोडलं नाही.

“शांताचं बाळ गेलं अन् ती खुळ्यासारखी झाली. दूध दाटलेलं, झोप नाही. मी तुला तिच्याकडं नेलं, चार दिवस. तिची छाती मोकळी होईल म्हणून. फक्त चार दिवस, पोरी. लोक म्हणतात दिली. मी दिली नव्हती.”

अलका आणखी जवळ सरकली.

“पाचव्या दिवशी तुला न्यायला मी जैनाबादला आले. तुझं धुतलेलं झबलं घेऊन आले होते. दार लोटलं, तर शांता झोपलेली. तुला कुशीत घेऊन. बाळ गेल्यापासून पहिल्यांदा डोळा लागला होता तिचा. मी उंबऱ्यात उभी राहिले. किती वेळ, ते मला ठाऊक नाही. तू जागी होतीस. माझ्याकडं बघून पाय हलवत होतीस.” मथुराबाईनं गेरूची वाटी बाजूला सारली. “तिला उठवायचं माझ्याच्यानं झालं नाही, अलके. तशीच परतले, म्हणून तू बाजूला, पण पदराचं टोक तुझ्या मुठीत. मी तुला घ्यायला आले होते.”