बघते मी त्याचं

साथ आली तेव्हा भाची मावशीकडे चार दिवसांसाठी म्हणून आली होती. भौतिकशास्त्राची पदवी नुकतीच हातात पडली होती, पुढे काय करायचं ते ठरत नव्हतं, आणि ते न ठरवता बसायला मावशीचं घर बरं होतं. मग गाड्या बंद झाल्या, रस्ते बंद झाले आणि पाहुणी घरातलीच होऊन बसली. मावशी आमदार होती, आणि आमदाराच्या घरात रिकामा बसलेला माणूस कुणाला बघवत नाही.

"तू सायन्सची ना?" मावशी म्हणाली. "मग ते फोनचं तू बघ."

फोनचं म्हणजे असं, की रोज सकाळी नऊला मतदारसंघातल्या घराघरांत एकाच वेळी फोन वाजायचे आणि त्यातून मावशीचा रेकॉर्ड केलेला आवाज यायचा. चाचणी कुठे होते, दुकानं कधी उघडतात, ताप आला तर कुठे जायचं. सभा घेता येत नव्हती, दारोदार फिरता येत नव्हतं, आणि वर्तमानपत्र तर लोक चिमट्याने उचलत होते. तेव्हा बातमी पोचवायला हा फोन हाच काय तो आधार. फोन लावणारी कंपनी संध्याकाळी तक्ता पाठवायची, कुणी किती वेळ ऐकलं त्याचा. भाचीने पहिल्याच दिवशी सरासरी काढली. सहा सेकंद.

"सहा सेकंदांत मी कुठवर पोचते?" मावशीने विचारलं.

"'नमस्कार, बंधू आणि भगिनींनो, मी आपली नम्र' इथवर."

"म्हणजे नम्र काय, ते लोकांना कळतच नाही?"

"नम्र म्हटल्यावरच ठेवतात ना?" काका स्वयंपाकघरातून ओरडले. "लोकांना पारख आहे हो!"

भाचीने काम मनावर घेतलं. तिचं निदान असं होतं, की दोष मजकुरात नाही, खोलीत आहे. दिवाणखान्यात आवाज घुमतो, घुमलेला आवाज भाषणासारखा वाटतो, आणि भाषण म्हटलं की माणूस फोन ठेवतो. त्यावर उपाय सोपा होता. तिने मावशीला कपड्यांच्या मोठ्या कपाटात बसवलं, दोन्ही बाजूंना कोट आणि रजया लावल्या, मांडीवर माइक दिला आणि दार लोटून घेतलं.

"विरोधकांना हे कळलं तर?" आतून आवाज आला.

"मावशी, बोल. साडेआठ वाजलेत."

"नमस्कार. मी तुमची आमदार बोलतेय. घरी सगळे बरे आहात ना?"

नेमक्या त्याच क्षणी काकांनी टाहो फोडला. "अगं, दूध उतू गेलं! शेगडीखाली शिरलंय सगळं! ओटा, भिंत, खाली चप्पल, काही म्हणता काही सुटलेलं नाही! आता मी काय करू?"

वीस वर्षं सभागृहात गोंधळ ऐकलेली बाई ती. आवाजही न चढवता कपाटातून म्हणाली, "हो, हो. समजलं. बघते मी त्याचं. तुम्ही घाबरू नका." आणि त्याच श्वासात पुढे, "आता नीट ऐका," म्हणून चाचणी केंद्राच्या वेळा सांगायला लागली.

पुन्हा रेकॉर्ड करायला वेळ नव्हता. "ते मधलं काढून टाक," एवढं सांगून मावशी कपाटातून निघाली ती थेट दुधाकडे. भाचीकडे लांबचे आवाज पुसून टाकणारं एक सॉफ्टवेअर होतं. तिने ते चालवलं आणि पडद्यावर आवाजाचा आलेख पाहिला. काकांच्या आक्रोशाचे डोंगर होते तिथे सपाट पठार झालं होतं. त्यापुढची टेकडी म्हणजे "आता नीट ऐका" असणार, असं तिने धरलं आणि फाइल पाठवून दिली. तिने आलेख पाहिला, पण आवाज ऐकला नाही. एवढीच काय ती चूक. सुरुवात छान जमलीय म्हणून पुढे रोजच्या संदेशाला तीच सुरुवात जोडायची, असंही तिनेच ठरवलं.

संध्याकाळी तक्ता आला आणि भाची खुर्चीतून उठून उभी राहिली. लोक फोन ठेवतच नव्हते! थेट शेवटपर्यंत ऐकत होते.

"कपाटाचा गुण!" ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी खात्री करायला म्हणून तिने आणखी दोन रजया वाढवल्या. सरासरी आणखी थोडी वर गेली. आता तर शंकेला जागाच उरली नाही. मावशी तेवढी घामाघूम होत होती, पण विज्ञानासाठी कुणाला तरी घाम गाळावाच लागतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पीए आला. तो मावशीचं सगळं कामकाज सांभाळायचा आणि सध्या फाटकाशी टेबल टाकून, लांबूनच लोकांची गाऱ्हाणी घ्यायचा. त्याचा चेहरा मास्कच्या वरच्या अर्ध्या भागातूनही रुसलेला दिसत होता.

"ताई, मला न विचारता परस्पर कामं घ्यायला लागलात तुम्ही."

"कसली कामं?"

"दिव्याचा खांब म्हणू नका, गटार म्हणू नका. शिंप्याचा मेव्हणा साथीच्या आधी दोन दिवसांसाठी म्हणून आला, तो अजून गेलेला नाही. शिंपी म्हणतो, ताईंना सांगितलंय, त्या म्हणाल्या बघते मी त्याचं. एका बाईंचा नवरा घोरतो. तेही म्हणे तुम्ही बघताय."

"घोरण्याचं?" काका दारात आले. "लोकांचं बघतेस. माझ्या घोरण्याला तर उशी फेकून मारतेस."

"अहो, मी कुणाशी बोललेलेच नाही!"

"सगळे सांगतात, सकाळी नऊला बोललात. आणि त्यावरून आज मारामारी व्हायची राहिली." पीएने खुर्ची लांब ओढून बसकण मारली. "शिंपी त्याच्या गॅलरीत, समोर बेकरीवाला त्याच्या गॅलरीत. शिंपी म्हणतो, नऊला ताई माझ्याशी बोलत होत्या. बेकरीवाला म्हणतो, थापा मारतोस, नऊला त्या माझ्याशी बोलत होत्या. मास्कमुळे एकाचं दुसऱ्याला कळेना, म्हणून नीट भांडता यावं यासाठी दोघांनी मास्क काढले. शेवटी पोलीस आले. तर तो हवालदार म्हणतो, दोघंही खोटं बोलताय, नऊला ताई माझ्याशी फोनवर होत्या!"

भाची हसून हसून लोळायच्या बेतात होती. मग तिला काहीतरी आठवलं. तिने हेडफोन चढवला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो संदेश कानाने ऐकला.

घरी सगळे बरे आहात ना? त्यानंतर शांतता. चांगली ऐसपैस, एका माणसाचं एक गाऱ्हाणं आरामात मावेल एवढी. आणि मग मावशीचा समजूतदार, मायेचा आवाज. हो, हो. समजलं. बघते मी त्याचं. तुम्ही घाबरू नका.

तिने हेडफोन काढून सगळ्यांना ऐकवलं. झाला प्रकार कळल्यावर मावशी आधी पाणी प्यायली.

"म्हणजे माझ्या सगळ्या कारकिर्दीत लोकांना आवडलेलं एकच वाक्य," ती म्हणाली, "आणि ते मी यांना बोलले होते."

"ताई, हात लावू नका त्याला!" पीएचे डोळे चमकले. "लोक खूश आहेत. पुढाऱ्याने ऐकून घेतलं असं त्यांना जन्मात वाटलं नव्हतं."

"आणि ती कामं?"

"कामं आधी तरी कुठे होत होती?"

मावशीही हसली. काकाही हसले. भाचीचं हसू मात्र मध्येच विझलं.

"मावशी, त्या जागेत कुणी म्हणालं असेल, की मला ताप आहे, तर?"

मावशीने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तर मी त्याला काय सांगितलं?" मावशीने हळूच विचारलं.

"समजलं. बघते मी त्याचं. घाबरू नका."

मावशी उभी राहिली. "लाव तो माइक. नको, कपाट नको. इथेच."

पीएने हात जोडले. "ताई, आमदार कधी कबूल करतो का, की मी ऐकत नव्हतो? उद्यापासून परत सहा सेकंद!" भाचीला माहीत होतं, आकड्यांच्या बाजूने त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण मावशी बोलायला लागली होती.

"नमस्कार. मी आत्ता बोलत नाहीये, हे आधी बोलून ठेवलेलं आहे. रोज सकाळी येतं तेही तसंच. या आठवड्यात तुम्ही मला जे सांगितलंत, त्यातलं अक्षरही मी ऐकलेलं नाही. ते 'बघते मी' माझ्या नवऱ्याला होतं. दूध उतू गेलं होतं. चूक माझी, माफ करा. ताप असेल, दम लागत असेल, तर माझी वाट बघू नका. एक दाबा, जिवंत माणूस उचलेल."

संदेश तासाभरात सगळीकडे गेला. जिवंत माणसं तीनच होती, पीए, भाची आणि काका. तिघांचेही फोन तापले. निम्मे लोक चिडलेले, निम्मे दुखावलेले. एक आजी म्हणाल्या, "तरीच म्हटलं, एवढी शहाणी कधी झाली!" एकाने पीएचं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "तुम्ही नको. त्या रेकॉर्डिंगलाच फोन द्या, ते मध्ये बोलत नाही." काकांना दूध उतू जाऊ नये म्हणून काय करावं याचे इतके सल्ले आले, की त्यांनी 'एक दाबा, दुधाचं असेल तर दाबू नका' असं जाहीर करायची मागणी केली.

मग भाचीच्या फोनवर शिंपी आला. तिने आधीच विचारलं, "मेव्हण्याचं का?"

"मेव्हण्याचं जाऊ द्या हो. आमच्या वरच्या मजल्यावर घड्याळवाला राहतो, एकटाच. चार दिवस झाले, अंगात ताप आहे. खोकला तर छतातून ऐकू येतो. मी म्हटलं दवाखान्यात जा, तर म्हणे ताईंना सांगितलंय, त्या बघतायत. आज तुमचा तो खरा फोन आल्यापासून असा बिथरलाय, म्हणतो मेलो तरी आता त्या बाईचं ऐकणार नाही. दार उघडत नाही."

मावशीने नंबर मागून घेतला आणि स्वतः फोन लावला. स्पीकर चालू होता. बऱ्याच वेळाने पलीकडून खोकला आला आणि त्याच्या मागून असंख्य घड्याळांची टिकटिक, एकाचा पायपोस एकाच्या पायात नसलेली.

"नमस्कार, मी तुमची आमदार बोलतेय."

"माहितीय. आता घरी सगळे बरे आहात ना, असं येईल."

तेच मावशीच्या ओठांवर होतं. तिने ते गिळलं. "अहो, मी खरी आहे. रेकॉर्डिंग नाही."

"हेही आधी बोलून ठेवता येतं."

भाचीने कपाळाला हात लावला. यात तर्काची चूक काढायला जागाच नव्हती.

"बरं, मग काहीही विचारा मला," मावशी म्हणाली.

"रस्ते कधी उघडणार?"

"त्या दृष्टीने सर्व पातळ्यांवर प्रयत्न सुरू आहेत."

"बघा! रेकॉर्डिंग!"

"नाही हो, ते सवयीने गेलं. दुसरं विचारा."

"माझ्या गल्लीतलं पाणी?"

"लवकरच..." मावशीने जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"ठेवतो," घड्याळवाला म्हणाला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबता थांबेना. थांबली तेव्हा त्याच्या आवाजातला राग कुठल्या कुठे गेला होता. "बाई, तुम्ही जी कोण असाल ती, एवढंच सांगा. मी यातून उठेन ना?"

पीए हातवारे करून सुचवत होता, होय म्हणा, घाबरू नका म्हणा. मावशीने त्याच्याकडे पाठ केली.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.



"काय म्हणालात?"

"मला माहीत नाही हो. तुमच्या छातीत काय चाललंय, ते मला इथे बसून काय कळणार? तुमचा खोकला ऐकून मलाच भीती वाटायला लागलीय. गाडी पाठवू का? डॉक्टरांना बघू द्या. त्यांनाही लगेच कळेलच असं नाही, पण माझ्यापेक्षा जास्त कळेल."



"हे कुणी रेकॉर्ड करून ठेवणार नाही," घड्याळवाला म्हणाला. "पाठवा गाडी."

पीएने दुसऱ्या फोनवरून गाडीला पत्ता दिला. मावशीने फोन ठेवला नाही, कारण घड्याळवाल्याने तशी अट घातली होती.

"ताई, कुठला शर्ट घालू?"

"कुठलाही घाला!"

"असं कसं? बाहेर पडतोय किती दिवसांनी. निळ्याला बटण नाही."

"शिंपी खालीच राहतो ना तुमच्या?"

"तो मेव्हण्याच्या काळजीत आहे." मग दारावरची घंटा वाजली आणि त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "ताई, दोन जण आलेत. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पिशवीत. चंद्रावर निघाल्यासारखे. आपलीच माणसं का?"

"आपलीच. दार उघडा. आणि हो, फोन बरोबर घ्या, मी आहे."

संध्याकाळी डॉक्टरांनी कळवलं, ऑक्सिजन लावलाय, वेळेत आला, पुढचं दोन दिवसांनी सांगू. ते दोन दिवस भाचीने तक्ता उघडलाच नाही. सरासरी काय व्हायची ती होवो. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून एक नर्सबाई बोलल्या. रुग्ण सुधारतोय, जेवतोय, आणि आता डोकं खातोय. वॉर्डातलं घड्याळ सहा मिनिटं मागे आहे, खुर्चीवर चढून ते नीट करायची परवानगी द्या, म्हणतोय. आम्ही नाही म्हटलं, तर निरोप दिलाय.

"काय निरोप?" भाचीने विचारलं.

"म्हणे, ताईंना सांगा. खऱ्या ताईंना."