पाच वाजेपर्यंत

गव्हाच्या कोठीत गोळ्या मी ठेवल्या. मीच. हे आधीच सांगून टाकते, म्हंजे मधात थांबवून मले कोणी इचारू नये, का आनंदाबाई, त्या गोळ्या कोणी ठेवल्या वो.

आमचे हे, रूपराव, पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले. पिपरी मेघेले आमचं घर हाये, खाली तीन खोल्या अन् मांगं एक बारकी कोठीघराची खोली. नोकरीच्या शेवटल्या वर्षी ड्युटीवर असताना हे पुरात अडकलते. दोन दिवस शाळेच्या छतावर, पंधरा माणसं अन् एक बिस्किटचा पुडा. त्यातल्या एका बाईचं लेकरू भुकेनं रडून रडून चूप झालं, अन् याईच्या, म्हंजे आमच्या ह्यांच्या, खिशात त्याले देयाले काही नव्हतं. लेकरू वाचलं म्हणा. पण तवापासून याईच्या डोस्क्यात एकच बसलं, का पुन्हा असं काही झालं तं माह्या घरात खायाले पायजे.

त्यात आमच्या रजतनं तेल ओतलं. रजत म्हंजे आमचा पोरगा, पुण्याले असते, सुट्टी आली का पाठीवर बोजा घेऊन डोंगर चढते. त्यानं दिवाळीले जेवणाचे पॅकेट आणले. शिजवलेलं जेवण गोठवायचं अन् मशीनीत पार वाळवायचं, असं काहीतरी असते ते. चांदीच्या रंगाची पिशवी, आत वाळका खुळखुळा भात. उकळतं पाणी टाकलं का दहा मिनिटात खिचडी तयार. वर लिवलेलं, पंचवीस वर्षं टिकते.

"पंचवीस वर्षं!" मी म्हटलं. "तोवर आपण टिकलो पायजे ना बाप्पा!"

रजत हासला. हे नाई हासले. महिनाभरात याईनं चार कंपन्यांचे पॅकेट मागवले. निळे, लाल, पिवळे, हिरवे. कोण किती फुगते, कोणाचं मीठ जास्त, कोणाची डाळ कच्ची राह्यते, सारं बसून पाह्यचं. अन् मी उन्हाळाभर छतावर पाठ भाजून मुंगाच्या डाळीच्या मुंगवड्या घालते, त्या याईले दिसत नाई. माह्या मुंगवड्यांचा डबा याईनं फळीवरून खाली उतरवला अन् तिथं पॅकेटचा खोका ठेवला. मले असा संताप आला का काय सांगू!

मंग बातम्यांमधे लढाईचं सुरू झालं. याईनं कोठीघराच्या खिडकीले टेप मारला, दाराले रबराची पट्टी लावली. म्हणे, एक तं पॅकेटाले ओल लागू नये, अन् दुसरं, बाहेर काही इषारी सुटलं तं दोघांनी आत बसता आलं पायजे. मी म्हटलं, पिपरीत कोण सोडते इष? नालीचा वास येते तेवढा पुरे हाये.

एप्रिलमधे माहा भाऊ डोमाजी केळझरहून सालभराचा गहू घेऊन आला. कोठी त्याच खोलीत. दरसाल मी गव्हात कडुनिंबाचा पाला टाकते. हे म्हणाले, "पाला नको टाकू, ओल येते." आता पाला नाई तं काय सोंडेकिड्याईले गहू खाऊ देऊ? डोमाजीनं कृषी केंद्रातल्या किडे मारायच्या गोळ्या आणल्या होत्या, त्यातल्या चार मी फडक्यात बांधून गव्हात खुपसल्या. माहेरी आम्ही असंच करत होतो. झाकण लावलं, हात धुतले, झालं. पण माहेरची कोठी पडवीत राहे. पडवीले तिकून इकून वारा. हे मले तवा सुचलं नाई. अन् याईले मी सांगतलं नाई, कारण सांगतलं असतं तं तासभर भाषण ऐका लागलं असतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी हे म्हणे, आज मी खोलीत बसतो. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. चारही कंपन्यांचं एकेक पॅकेट खातो, अन् कोणतं चांगलं ते आज नक्की करतो. तीन थर्मास उकळतं पाणी घेतलं, खुर्ची घेतली, टेबलपंखा घेतला. फोन बाहेरच ठेवला. म्हणे, संकटात नेटवर्क कुठं राह्यते?

मी चिडून म्हटलं, "पाचच्या आत बाहेर आले तं तुमचे सारे पॅकेट नालीत टाकीन."

"अन् पाचपर्यंत बसलो तं?"

"तं ठेवा फळीवर. माह्या मुंगवड्यांच्या बाजूले. जलमभर एक शब्द बोलणार नाई."

हे खूश झाले. आतून कडी लावली, टेप मारला. टेप फाडल्याचा अन् चिकटवल्याचा चरचर आवाज मी बाहेरून ऐकत होती.

निळं पॅकेट साडेनऊले झालं. आतून ओरडून मले मार्क सांगत होते. "भात बरा हाये! मीठ जास्त! दहापैकी सहा!" मी सैपाकघरातून म्हटलं, "बाहेर या, दहापैकी दहाचं जेवण देते." मी त्या दिवशी मुद्दाम गोळाभात, म्हंजे डाळीच्या भरड्याचे गोळे घातलेला भात, करणार होती. याईचा जीव हाये गोळाभातावर. वाटलं, वासानं निघतीन बाहेर.

अकराले म्हणाले, "आनंदा, डोस्कं दुखते वो."

"त्रेचाळीस डिग्रीत बंद खोलीत बसल्यावर काय नाचन ते? निघा बाहेर."

"नाई. पाच."

मले हासू आलं अन् रागही आला. मंग मी थाप मारली. दारापाशी जाऊन म्हटलं, "अहो, नागपूरहून तुमची बहीण आली, पाणी पिऊन राह्यली." आतून आवाज आला, "कोणत्या गाडीनं आली?" मले पटकन गाडी आठवली नाई. हे आत खोखो हासले, अन् हासता हासता खोकलले.

पिवळ्या पॅकेटात गाजरहलवा होता. म्हणाले, गोड हाये पण वास बरोबर नाई. बारा वाजता लाल पॅकेट.  मंग ओकल्याचा आवाज आला.

"अहो!"

"काही नाई. लाल पॅकेट नापास. दहापैकी शून्य. बादलीत उलटी झाली."

आता मात्र मी हातातलं टाकून दारापाशी धावली. पण पॅकेट बाधलं असंच वाटलं. माणसाले बाहेर काढा म्हून दुसरी थाप मारली. दार ठोकलं, म्हटलं, "सिलेंडर गळून राह्यलं! घरभर गॅस झाला! निघा लवकर!"

हे दारापाशी आले. हुंगल्याचा आवाज मी ऐकला. मंग म्हणाले, अन् काय आनंदानं म्हणाले, "सिलेंडरचा वास बिलकुल येत नाई! म्हंजे एक तं तुही थाप, नाई तं खोली पास झाली, आनंदा! बाहेरचा गॅस आत येत नाई!"

मी कपाळावर हात मारला अन् वापस सैपाकघरात गेली. गोळे उकडत ठेवले होते.

एक वाजता चवथं पॅकेट, हिरवं. याईचा आवाज आता बारीक आला होता, शब्दाशब्दाले दम घेत होते. म्हणाले, "हे कंपनी सगळ्यात खोटारडी हाये. जैन खिचडी म्हणते, कांदा-लसूण नाई असं मोठ्या अक्षरात लिवते. अन् लसणाचा वास येते. निळ्यालेही येत होता. हलव्यालेही. चारही पॅकेटाले लसणाचाच वास, आनंदा. तू फोडणी तं नाई देऊन राह्यली?"

लसूण माह्या हातात होता. मी अजून सोललाही नव्हता.

लहानपणी कोठीचं झाकण उघडलं अन् लसणाचा वास आला का माय आमचा हात धरून ओढे. मांगं व्हा पोट्ट्याहो, गोळी जित्ती हाये अजून, गॅस सोडते. तोच वास. 

मी दारावर धडका देयाले लागली. "अहो, दार उघडा! गव्हात गोळ्या हायेत! मी ठेवल्या! तो गोळ्यांचा वास हाये, पॅकेटचा नाई! तुमच्या पाया पडते, उघडा!"

आतून हे हासले. खरंच हासले.

"आधी बहीण. मंग सिलेंडर. आता गोळ्या."

"खरं हाये! रजतची शपथ!"

"रजतची शपथ नको घेऊ फालतू. पाला नको म्हटल्यावर तू दुसरं काही टाकलं असतं तं मले सांगतलं असतं. तू मले सांगितल्याबिगर काही करत नाई, मले माहीत हाये."

  मी म्हटलं, नाई सांगतलं वो, तुम्ही बडबड करसान म्हून नाई सांगतलं. पण तेवढ्यात आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला अन् काहीतरी पडलं. मी हाका मारल्या. पंख्याचाच आवाज येत राह्यला.

मी वरवंटा घेऊन मांगं धावली अन् खिडकीचा काच फोडला. शेजारचा योगेंद्र माहा आरडाओरडा ऐकून आला, त्यानं लाथा घालून दार तोडलं. दार उघडताच असा वास आला का तो दोन पावलं मांगं सरला. मंग नाकाले दुपट्टा बांधून आत गेला अन् याईले ओढत अंगणात आणलं. शुद्धीवर होते. हात बर्फासारखे थंड. हिरवं पॅकेट मुठीत तसंच धरलेलं.

योगेंद्रच्याच गाडीत मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर पोरगी होती, रजतच्या वयाची. तिनं इचारलं, काय खाल्लं? योगेंद्रनं मुठीतलं पॅकेट दाखवलं. मी म्हटलं, पॅकेटात काही नाई माय, गोळ्या होत्या, मी ठेवल्या. ती मले बाजूले घेऊन गेली. म्हणाली, मावशी, या गोळीच्या गॅसवर उतारा नसते. आम्ही हृदय चालू ठेवाले पाहतो. घरच्यांना बोलवून घ्या. मी रजतले फोन लावला. तो रडत म्हणे, आई, माह्या पॅकेटानं झालं का? मी म्हटलं, नाई रे राजा, तुह्या मायनं केलं. तू निघ लवकर.

मंग मी याईच्यापाशी बसली. नळ्या लावलेल्या, मशीन टूंटूं करून राह्यली. बोलत होते, तेच वंगाळ. माणूस शेवटपर्यंत बोलत राह्यते यात, नर्स म्हणाली.

"खरं होतं का वो?" त्याईनं इचारलं. "गोळ्यांचं?"

मी मान हालवली. मले वाटलं, आता चिडतीन, एक भाषण देतीन. देवा, देऊ दे एकदा, तासभर देऊ दे.  पण याईचे नुसते वठ हालले. मी कान नेला.

"पाच वाजले का?"

समोर भिंतीवर घड्याळ होतं. चारले वीस मिनिटं कमी होते.

"वाजले," मी म्हटलं. "आत्ताच वाजले. तुमी जिंकले."

त्या दिवसातली हे माही तिसरी थाप. हेच तेवढी याईनं खरी मानली.