साफसफाई मोफत

नीलकंठ पिंपळापुरे समुद्र विकायचा. खरा समुद्र रायपूरहून रात्रभराच्या गाडीच्या अंतरावर, त्यामुळे गिऱ्हाईक माल ताडून पाहायला जात नसे. बूढ़ापाऱ्यात, तलावाजवळच्या गल्लीत त्याचं दुकान. काच स्वतः कापायची, सिलिकॉननं जोडायची, पाणी भरून गळते का बघत बसायचं. गोड्या पाण्यातले मासे हा पोटाचा धंदा आणि खाऱ्या पाण्यातली प्रवाळाची टाकी हा शौक. या शौकाला गिऱ्हाईक क्वचितच मिळे: एखादा डॉक्टर, एखादा लोखंडवाला, ज्यांना घरी आलेल्या व्याह्याचं तोंड बंद करायचं असायचं.

या वेळी मात्र शाळेनं बोलावलं. सिलतऱ्याच्या वाटेवरची खासगी शाळा, आठवीचा वर्ग, मागच्या भिंतीशी एक छोटी टाकी हवी. प्राचार्य भार्गव सर मूळचे अमरावतीचे. ते मराठीत घासाघीस करायचे आणि हिंदीत नाही म्हणायचे.

"अडीच फूट लांब, दीड फूट उंच," सर कागद धरून म्हणाले, "अन् एक लाख एकवीस हजार? पिंपळापुरे, मी शार्क नाही मागितला."

"टाकी स्वस्तच आहे सर. टाकी अन् खालची गाळणीची पेटी मिळून चौदा हजार. महाग आहे ते समुद्राले रायपुरात जिवंत ठेवणं. पाणी थंड ठेवाचं यंत्रच बत्तीसचं."

"पोट्ट्यांले वर्गात नुसता पंखा आहे."

"पोट्टे शिजले तरी घरी जाऊन जेवतात. प्रवाळ शिजला की पांढरा पडते अन् मरते."

"अन् हे मीठ? मीठ आम्ही मेसमधून देऊ ना."

"ते भाजीचं. त्यात नुसतं मीठ असते. यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, समुद्रात जे जे असते ते सगळं असते."

"समुद्रात घाणही असते."

"ती पोट्टे टाकतीलच."

सर हसले, आणि हसता हसता आकडा एक लाखावर आणून ठेवला. नीलकंठनं कपाळाला हात लावला, दिवा जरा हलका धरला, दगड समुद्रातले आणण्याऐवजी सिमेंटचे बनवायचे ठरवले, आणि वीस वर्षांच्या सवयीनं कागदाच्या तळाशी पेनानं लिहिलं : वर्षभर साफसफाई मोफत. ती ओळ वाचून सरांचा चेहरा एकदम कुटुंबवत्सल झाला. गिऱ्हाईक नेहमी याच ओळीवर विरघळायचं. सरांनी सही केली.

स्कूटर फाफाडीहच्या सिग्नलला थांबली तेव्हा नीलकंठला आठवलं, की ती मोफत साफसफाई करणारी व्यक्ती गेल्या फाल्गुनात वारली.

ती म्हणजे गोदावरी, त्याची बायको. समुद्र तो बांधायचा, पुसायची ती. खाऱ्या टाकीचं असं असतं, की पाणी उडून जातं आणि मीठ राहतं. काठाला, वायरींना पांढरी खपली धरते. ती वेळेवर काढली नाही तर लोखंड खाते, नाही तर भसकन पाण्यात पडून मासे मारते. गोदा पिशवीत फडकी घालून डॉक्टर-लोखंडवाल्यांकडे जायची, खपली काढायची, आणि नीलकंठनं कालवताना सांडलेलं मीठही फरशीवरून टिपायची. टिपताना बोलायची. "सांडा, सांडा. वर गेल्यावर एक एक दाणा पापण्यांच्या केसांनं वेचा लागते म्हणतात. तुमचं पोतंभर झालं आतापर्यंत."

"मग तू वेच माझ्या वाटचं."

"मीच वेचीन. दुसरं कोण आहे तुमाले?"

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी त्यानं खारटपणा मोजायची दुर्बीण आणली होती. काचेवर एक थेंब ठेवायचा, डोळ्याला लावायची, आत आकडा दिसतो. समुद्राचा आकडा पस्तीस. नव्या यंत्राचा उत्साह असा, की त्यानं वरण मोजलं, बूढ़ा तालाब मोजला. त्याच संध्याकाळी गोदा माहेरच्या कुठल्याशा गोष्टीवरून रडत होती, तर तिच्या गालावरचा थेंबही त्यानं उचलून मोजला. "नऊ," तो म्हणाला. "समुद्राच्या मानानं तुझं काही खास नाही." ती रडता रडता हसली होती, असं त्याला आठवायचं. हसली नव्हती अशीही शक्यता होती. त्यानं तेव्हा दुर्बिणीतून डोळा काढला नव्हता.

शेवटच्या आजारात औषधांनी तिचे केस गेले, भुवया गेल्या, पापण्यांचे केसही गेले. आरशात बघून ती म्हणाली, "घ्या. आता वर मीठ कशानं वेचू?"

त्यानं तिला संत्रं सोलून दिलं.

टाकी मात्र झकास झाली. दगडांवर जांभळी, हिरवी मऊ प्रवाळं हलत होती, दोन केशरी मासे मालक असल्यासारखे फिरत होते, आणि आठवीचे पोट्टे अभ्यासक्रमात नसलेली गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा टक लावून बघत होते. साफसफाईला माणूस ठेवायचा तर नफा जातो, म्हणून नीलकंठ पुढच्या सोमवारी स्वतःच फडकं घेऊन गेला. पण पुसायला काहीच नव्हतं. वर्गात बाकांवर, खिडकीत, फळ्याच्या कडेवर सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ बसलेली, आणि टाकीचा काठ मात्र लख्ख. खपलीचा कण नाही.

"काका, आप आते कब हो?" विज्ञानाच्या स्वरदा मॅडमनी विचारलं. मॅडम मूळच्या मराठीच, पण उत्तरं हिंदीतच द्यायच्या. "हम तो कभी देखते ही नहीं. सुबह आओ तो सब चकाचक."

"मी कुठं आलो? कोणी पुसत असंल तुमचं."

"हमारा कोई टेबल नहीं पोंछता, टंकी पोंछेगा?"

नीलकंठ टाकीमागे गेला. बाजूच्या काचेवरही काळी धूळ होती, आणि तिच्यात वर, काठाला लागून, एका गालाएवढी जागा स्वच्छ होती. लांबट, जरा तिरपी. कोणी काचेला गाल टेकवून काठाशी डोळा नेला तर होईल तशी.

मग शिकलेल्या माणसानं करावं ते केलं, म्हणजे कोणाला काही सांगितलं नाही. मात्र जाताना आजूबाजूला बघून त्यानं काठावर आणि स्टँडवर मूठभर मीठ सांडलं.

पुढच्या सोमवारी ते नव्हतं.

मग त्याला वेड लागलं म्हणा. टाकीकडे तो नको तितक्या फेऱ्या मारू लागला. दर वेळी सांडायचा, दर वेळी वेचलेलं सापडायचं. एकदा त्यानं खारट फडकं मुद्दाम दांडीवर वाळत टाकलं, तर त्या फडक्यातलंसुद्धा मीठ गेलेलं. धाग्याधाग्यातून, नुसतं कोरडं कापड. घरी तिची माणसं तिला विसरत चालली होती, नातेवाईक दुसऱ्या लग्नाचं आडून सुचवून राहिले होते, आणि इथे ती कामाला येत होती. करार पाळत होती. नीलकंठ दाढी करून जाऊ लागला.

आणि एका सोमवारी स्टँडच्या लाकडावर, त्या गालाच्या जागेच्या बरोबर खाली, त्याला थेंब दिसले. ताजे, चार-पाच.

टाकी गळते की काय! कारागिराच्या काळजात आधी हेच येतं. त्यानं जोड चाचपले. कोरडे. पंप पाणी उडवतो का बघितलं. नव्हता उडवत. मग त्यानं खिशातून दुर्बीण काढली. टाकीचं पाणी असेल तर पस्तीस येईल, पोट्ट्यांनी बाटली सांडली असेल तर शून्य. त्यानं एक थेंब काचेवर घेतला आणि खिडकीकडे तोंड करून डोळ्याला लावला.

नऊ.

त्यानं काच पुसली, दुसरा थेंब घेतला. नऊ.

तेव्हा त्याला संत्र्याचा वास आला, आणि आरशातला तो चेहरा आठवला. तिला पापण्यांचे केस नव्हते. केस नसताना ती वेचत होती, म्हणजे पापणीच्या उघड्या कडेनं वेचत होती, मीठ थेट डोळ्याला लावून. आणि हा मुठीमुठीनं सांडत होता.

कागदावर 'मोफत' आहे तोवर ती येतच राहणार, म्हणून तो तडक प्राचार्यांच्या खोलीत गेला.

"सर, ती शेवटची ओळ खोडाची आहे. साफसफाईची."

"काहून?"

"मोफत नाही परवडत. तुम्ही एक रुपया द्या. पण मोफत नको."

"पिंपळापुरे," सरांनी चष्मा काढला, "ते समितीपुढे पास झालं. मोफत म्हणजे मोफत. एक रुपया दिला तर मले तीन निविदा मागवा लागतीन."

"मग साफसफाईच नको सर. राहू द्या घाण."

"घाण? वर्गात? सॉरी भैया, नहीं हो सकता." सर हिंदीत आले होते; विषय संपला होता. मग त्यांना माणसाची दया आली असावी. "तुमची कामवाली एवढी चांगली आहे, अन् तुम्ही तिले काढाले निघाले. लोक तरसतात अशा बाईसाठी."

"हव," नीलकंठ म्हणाला.

शनिवारी अर्धी शाळा. पोरं गेल्यावर त्यानं चौकीदाराकडून वर्ग उघडून घेतला. काठावर खपली थोडी उरली होती. बहुधा तिचं झालेलं नव्हतं. फडकं त्यानं पिशवीतून काढलंच नाही. फडक्याचा हिशोब वर धरत नाहीत, हे त्याला कळून चुकलं होतं. त्यानं एक बाक ओढून टाकीला लावला, चष्मा खिशात ठेवला. त्याच्या पापण्यांचे केस दाट होते, लहानपणी आत्या कौतुक करायची, आणि उभ्या जन्मात त्यांनी काही काम केलेलं नव्हतं.

आत पाणी थंड करायचं यंत्र चालू होतं, त्यामुळे काच गार होती. त्यानं गाल टेकवला, त्याच स्वच्छ जागेवर. तेवढी जागा कोमट होती.

त्याला वाटलं, इथेच थांबावं. गाल असाच ठेवावा, वेचू नये. उरलेलं मीठ तसंच राहील आणि उद्या ती पुन्हा येईल. कोणाला कळणार होतं?

"सरक थोडी, गोदा," तो शेवटी म्हणाला, आणि त्यानं डोळा काठाला लावला.

पहिला दाणा लागला तेव्हा एवढं झोंबलं, की तो आईच्या नावानं ओरडला. दुसऱ्याला नुसतं पाणी आलं. ते पाणी गालावरून लाकडावर पडलं, आणि सवयीनं त्याचा हात दुर्बिणीकडे गेला. तो हात त्यानं परत घेतला. तो वेचत राहिला, दाणा दाणा, आणि वेचता वेचता गालाखालची काच हळूहळू बाकीच्या काचेसारखी गार झाली.

सोमवारी तो गेला तेव्हा काठाला दोन दिवसांची खपली होती, पांढरी, जाड, कोणी हात न लावलेली. गालाच्या जागेवर काळी धूळ बसली होती.

"क्या काका, अब ढीले पड़ गए?" स्वरदा मॅडम म्हणाल्या.

"हव. आता मीच आहे ना," नीलकंठ म्हणाला. वर्ग रिकामा व्हायची वाट बघत तो मागच्या बाकावर, पोट्ट्यांच्या मध्ये, समुद्राकडे पाहत बसला.