सात वर्षांचा गूळ

सात वर्षं मनकर्णाने गुळाचा खडा जिभेवर ठेवला नव्हता. दिवाळीचे अनारसे तीच तळायची, पण गोडी पाहायला नवऱ्याला, नत्थुजीला, हाक मारायची.

त्याला कारण जयवंता. दोघी शेंदूरजनाघाटच्या, एका अंगणात वाढलेल्या. लग्नानंतर मनकर्णा अमरावतीला आली, जयवंता हिवरखेडला पडली आणि तिची तीन लेकरं पाठोपाठ गेली. तेव्हा मनकर्णाने अमरावतीच्या अंबादेवीपुढे पदर पसरला. चौथं जगू दे माय, आम्ही दोघी मिळून तुझी ओटी भरू, तोवर मी गूळ खाणार नाही. चौथी शालू जगली. पण वाट चार दिवसांची आणि जयवंताच्या घरी तेव्हा बैलसुद्धा मागून आणलेले. दर दिवाळीला नुसता निरोप यायचा, पुढल्या साली येते.

यंदा ती खरंच आली. समुद्रापलीकडे कुठे लढाई जुंपली होती आणि वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या मोलाने जात होता. तिचा नवरा महादेवराव गाड्या भरून घेऊन आला, मागच्या छपराच्या गाडीत जयवंता नि शालू. मुक्काम मनकर्णाकडे, धनतेरसेपासून चार दिवस.

मनकर्णाने सारं मनात मांडून ठेवलं होतं. पहिल्या पहाटे काकडआरती आणि ओटी. मग कापसाच्या बाजारातले डोंगराएवढे ढीग. सांजेला परकोटाच्या दरवाजावरच्या पणत्या. शालूला आपल्या मळ्यातला झेंडू खुडायला न्यायचं. सुपात दोन खण, दोन नारळ, तांदूळ, हळदकुंकू तयार होतं.

पहिला दिवस सराफाकडे गेला. दुसरा कापडात. महादेवरावाचा कापूस विकणाऱ्या अडत्या केशवरावांची बायको माणिकबाई रोज आपली धमणी, बैलांची हलकी गाडी, पाठवायची आणि जयवंता रोज तिच्यासोबत जायची. मनकर्णाने बाजार सोडला, मग पणत्या सोडल्या. मळा तर झेंडू सरत आल्यावर कशाला, असं म्हणून स्वतःच सोडून दिला. तिसऱ्या दिवशी ती एवढंच म्हणाली की उद्या पाडवा, पहाटे अर्धी घटका काढ, एवढी ओटी भरून येऊ. जयवंताने सोन्याच्या नव्या गोठांचे हात वर करून आळस दिला आणि पाहू म्हणाली.

पाडव्याला मनकर्णा अंधारात न्हाली, तुळशीला पाणी घातलं. ओटी भरल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही असं ठरवून सूप पुढ्यात घेऊन बसली. जयवंता निजलेलीच. तिला हलक्या आवाजात दोनदा हाक मारली, जोराने मारवेना. मळ्यातून नत्थुजीने बोलावणं धाडलं म्हणून ती झेंडूच्या पाट्या मोजून द्यायला गेली. परत आली तर अंथरूण रिकामं, आणि दारात धमणीच्या चाकांची ओळ.

दोन प्रहरी जयवंता हसत आली. मनकर्णाच्या तळहातावर तिने खोबरं आणि गुळाचा खडा ठेवला.

"घे, अंबादेवीचा प्रसाद. माणिकबाई म्हणे, वाटेवरच हाये, चाल. टाकली भरून ओटी."

"दोघींनं भरायची होती, जयवंता."

"दोघीच तं होतो. मी अन् माणिकबाई." जयवंताला आपल्याच बोलण्याचं हसू आलं. "देवी काय नावं इचारते का वं? लेकरू माहं, फेडला मी नवस."

मनकर्णा खड्याकडे पाहत राहिली.

"काहून थांबली? तुले गूळ आवडत नाही का?"

शालू समोर उभी होती, कपाळावर देवीचं कुंकू. प्रसाद परत करायचा तर कुणाच्या नावाने करायचा? त्या पोरीच्या? मनकर्णाने खडा तोंडात घातला, चावला, गिळला. मग उठून सुपातले तांदूळ मडक्यात ओतले, एक खण शालूच्या गाठोड्यात घातला.

भाऊबीजेला गाडी निघाली. जयवंताने छपरातून वाकून सांगितलं की पुढल्या साली मले सारं गाव दाखवजो, यंदा काही पाहणंच झालं नाही. मनकर्णाने मान हलवली.

संध्याकाळी उरलेल्या पिठाचे अनारसे तळताना तिने नत्थुजीला हाक मारली.

"आता मले काहून बोलावते? तूच पाह्य न गोडी. फिटला ना नवस?"

"तिचा फिटला," मनकर्णा म्हणाली आणि अनारसा त्याच्या हातावर ठेवला.