नाकाला चाललं, पंखाला नाही

मित्रांनो, मी रंग फवारायची एक जुनी गन आहे. बंदूक समजून घाबरू नका. माझ्या तोंडून आजवर गोळी निघालेली नाही, निघाला तो रंगच. पोटाशी रंगाचा पेला, तोंडाला पितळी टोपी आणि मागून कॉम्प्रेसरच्या नळीतून येणारी हवा, एवढाच माझा संसार. कलकत्त्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. लाकडी खोक्यात भुशात बसून मी नागपूरला आले आणि उतरले तेही भुशातच, कारण लकडगंजात लाकूड कापायच्या आरामशिनींच्या शेजारी रुपरावांचं मोटारी रंगवायचं दुकान होतं.

पहिली वर्षं मानाची गेली. टॅक्स्या, स्कूटरी, बँडवाल्यांची गाडी, सगळ्यांना मीच नवं रूप दिलं. रुपराव मला गिऱ्हाइकासमोर उचलून दाखवत आणि म्हणत, "हिच्या कामात एक ओघळ दाखवा, साहेब!" पण रंग छान बसला की गिऱ्हाईक नाव घेई रुपरावांचं, आणि ओघळ आलाच तर रुपराव नाव घेत माझं. हा जमाखर्च मी तेव्हापासून मनात ठेवला आहे. जमेच्या बाजूला फारसं काही नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात दुकानात एक विमान आलं. महाल भागात राहणाऱ्या लतिकानं ते स्वतः केलं होतं. हलक्या बाल्सा लाकडाच्या फासळ्या, त्यावर पतंगाच्या कागदाहून पातळ कागद आणि पुढे इवल्याशा इंजिनावर पत्र्याचं नाक. रविवारी कॉलेजच्या मैदानावर निवड होती. ज्याचं विमान सर्वांत जास्त वेळ हवेत राहील, तो कानपूरच्या स्पर्धेला जाणार. गेल्या वर्षी तिचं विमान उडताक्षणी नाकावर आपटलं, तेव्हा मुलं पोट धरून हसली होती. पुढच्या वर्षी ती कॉलेजात नसणार होती. म्हणजे जे काही व्हायचं ते याच रविवारी.

सोबत तिचे कृष्णकांतकाका होते. कचेरीत कारकून, पण मत मांडायला कुठलाच विषय त्यांना परका नव्हता.

आधी नाक झालं. रुपरावांनी पत्र्याला मोटारीच्या रंगाखाली देतात ते राखाडी अस्तर दिलं, त्यावर थिनरमध्ये पातळ केलेला लाल रंग. मी असा फवारला की नाकात चेहरा दिसावा. दोघे पुरुष खूश झाले, आणि मित्रांनो, घोटाळा तिथंच झाला.

"आता पंख," काका म्हणाले.

"काका, पंखाला रंग नको," लतिका म्हणाली. "नुसतं पातळ डोप पुरे. त्या रोगणानं कागद ताणून बसतो."

"नाक लाल आणि पंख पांढरे? लोक म्हणतील, अर्धवट सोडलं."

"मोटारीचं बोनट रंगवून टप तसाच ठेवतो का वं आपण?" रुपरावांनी री ओढली.

राखाडी अस्तर नाकावरच संपलं होतं. काकांनी लगेच घरून तांबड्या अस्तराचा डबा आणला. "आमच्या फाटकाला हेच लावलंय. ढिम्म हललं नाही."

रुपरावांनी डबा हुंगला आणि म्हणाले, "चालते, काकाजी. अस्तर म्हणजे अस्तर."

मला ओरडावंसं वाटलं. काकांचं अस्तर तेलातलं होतं, रुपरावांचा रंग थिनरमधला. तेलाचं अस्तर पुरतं मुरलेलं नसलं की थिनर त्याच्यात शिरतो आणि त्याला उचकटून काढतो. दोन्ही माझ्याच घशातून जातात, मला कळणार नाही? पण मला विचारतो कोण!

लतिकानं पिशवीतून लाकडाचा आणि कागदाचा एक तुकडा काढला. "मी पंखासारखाच तुकडा करून आणलाय. आधी यावर मारून बघू या?"

"मी काय शिकाऊ दिसून राहिलो का तुले?" रुपराव दुखावले. मोठ्या माणसांपुढे तिनं तुकडा परत पिशवीत ठेवला. तिनं तो ठेवला नसता तर, असं मला आजही वाटतं.

बुधवारी अस्तर दिलं. गुरुवारी ते हाताला कोरडं लागलं, म्हणून वर लाल रंग मारला. क्षणभर पंख झळकले. मग तापल्या दुधावर साय गोळा व्हावी तसा रंग गोळा झाला आणि पंखभर सुरकुत्या पडल्या.

"डबा तुमचा होता, काकाजी."

"आणि रंग कोणाचा होता?"

थोडा वेळ तसंच चाललं. मग दोघांची नजर एकदमच माझ्यावर आली.

"गनच जुनी झालीय," काका म्हणाले.

"हो ना! कवाची थुंकून राहिली ते," रुपराव म्हणाले.

त्या भांडणात त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावरच. लतिकानं पंख तळहातावर तोलला. "सुरकुत्या नसत्या तरी हा उडला नसता," ती हळूच म्हणाली. "केवढा जड झालाय." तिनं विमान उचललं आणि ती निघून गेली.

मला मात्र रागानं कोपऱ्यात फेकण्यात आलं, पेल्यात रंग तसाच ठेवून. तो माझ्या घशात वाळू लागला.

शनिवारी सकाळी लतिका परत आली, एकटीच. तिनं पंखावरचा कागद सोलून काढून नवा चढवला होता. "रुपरावभाऊ, गन द्या. डोप मारायचंय."

"ते बिघडली," रुपराव खाली बघत म्हणाले.

तिनं माझा घोडा ओढला. आतून हूं की चूं नाही. तिनं माझी टोपी उघडली, थिनर ओतला आणि पिसाच्या दांड्यानं घसा साफ करायला बसली.

"लोखंडी तार घाल ना वं, झटकन निघते."

"भोक मोठं होईल, भाऊ. मग खरंच थुंकेल."

तिनं पिशवीतला तुकडा काढून त्यावर आधी डोप मारलं, वाळू दिलं, बोटानं दाबून पाहिलं. मग पंखाकडे वळताना विचारलं, "अंतर किती ठेवू?"

"वीतभर," रुपराव म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला होता. "अन् हात थांबवू नको."

एक हलका हात फिरला आणि वाळता वाळता कागद डफासारखा ताणला गेला. इतकी वर्षं काम केलं, पण इतकं कमी फवारून इतकं चांगलं काम मी कधी केलं नव्हतं.

रविवारी मी खिळ्यावरच होते. सोमवारी काका आणि रुपराव दुकानात चहा पीत बसले, तेव्हा मला सगळं कळलं. लतिकाचं विमान सगळ्यांत उशिरा खाली आलं. ती कानपूरला निघाली. प्राध्यापकांनी तिला विचारलं होतं, "पंख रंगवले नाहीत ते कसं?" तिनं तोंड उघडण्याआधीच काका म्हणाले, "आम्हीच म्हटलं, नको."

"मी बी त्या सरले सांगतलं," रुपराव मिशीतून हसत म्हणाले, "वजन वाढते ना!"

माझं नाव कोणाच्या तोंडी नव्हतं. मित्रांनो, ते मी सोडून दिलं. पण एक ऐका. एका रंगावर दुसरा चढवण्याआधी तुकड्यावर मारून बघा. त्यात कोणाची इज्जत जात नाही. आणि काम बिघडलंच तर खुशाल भांडा, पण आधी मला धुऊन ठेवा. भांडण उद्यापर्यंत ओलं राहतं. माझ्या घशातला रंग राहत नाही.